मागच्या कव्हरवरची आत्या

६ फेब्रुवारी

आत्या,

नमस्कार शेवटी करतो. आधी सोबतचं पुस्तक उलटं कर आणि मागचं कव्हर बघ. बघितलंस? आता काउंटरमागच्या खुर्चीत बस आणि मग पुढे वाच.

हो, ती तूच आहेस. आणि पुस्तक माझं आहे. लिफ्ट तपासायला गेलो की गच्चीवरच्या मशीनरूममध्ये डबा खातो, हे तुला माहीत आहे. डबा खाऊन झाल्यावर तिथेच बसून मी काहीतरी लिहीत असतो, हे फक्त आईला माहीत होतं. त्याची कादंबरी झाली. भीत भीत एका प्रकाशकांना ईमेलने पाठवली, त्यांना आवडली, आणि छापलीसुद्धा. प्रेमकथा आहे. हसू नकोस.

घोटाळा असा झाला. त्यांनी लेखकाचा फोटो मागितला. माझा एकट्याचा फोटो म्हणजे कंपनीच्या ओळखपत्रावरचा, त्यात मी चोरी करताना सापडल्यासारखा दिसतो. म्हणून तुझ्या लाँड्रीसमोर काढलेला आपला सगळ्यांचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, यातला माझा चेहरा कापून घ्या. माझा म्हणजे कुणाचा, हे लिहायचं राहिलं. मी त्यात कडेला, अर्धा खांबाआड. तू मधोमध, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि कानामागे पेन. कपड्यांच्या चिठ्ठ्या लिहायचं पेन ते, पण त्यांच्या चित्रकाराला काय कल्पना? पुस्तकावर मी आद्याक्षरं आणि आडनाव एवढंच दिलेलं, आणि आडनाव आपलं एकच. त्याने लेखिका शोधून काढली.

खरं सांगू का, पार्सल उघडलं तेव्हा रडू आलं. नाव पहिल्यांदा छापून आलं आणि त्याच्याखाली चेहरा तुझा. मग थोड्या वेळाने जरा बरंही वाटलं. निदान कंपनीत कुणी विचारायला येणार नाही. दुसरी आवृत्ती निघाली तर फोटो बदलून घेईन. निघणार नाही म्हणा.

आता नमस्कार. रागावू नकोस आणि फोन करू नकोस. फोनवर मी काय बोलतो ते तुला ठाऊक आहे.

तुझा भाचा


१७ फेब्रुवारी

मौनीबाबा,

फोन कशाला करू? मी विचारते, ऐकतोयस ना? तू म्हणतोस, हं. मी विचारते, बरा आहेस ना? तू म्हणतोस, हं. तोंडाने तू चिक्कू आणि हाताने उधळ्या. लहानपणापासून असाच आहेस. तेव्हा पत्रच बरं.

आधी फोटोचं. माझ्या केसांची ती दशा झालेली असताना तू तो फोटो जगभर पाठवलास, याचा हिशेब भेटल्यावर करू. बाकी मी बरी दिसते.

पुस्तक वाचलं. तुझा नायक चार चार पानं एका दमात बोलतो. हे गुण कुठून आले? तुझ्याकडून तर नाहीत. ती नायिका त्याला मधेच "पुरे!" म्हणते, तिथे मी इतकी हसले की इस्त्रीवाला आतून बघायला आला. शेवटी डोळेही पुसले. भाच्याने लिहिलंय म्हणून नाही, खरंच पुसले. तू चांगलं लिहितोस रे. हे तोंडावर सांगितलं असतं तर तू पळून गेला असतास, म्हणून लिहिते.

आता एक कबुलीजबाब. पुस्तक काउंटरवर ठेवलं होतं. बँकेतल्या एक बाई नवऱ्याचा सूट न्यायला आल्या. त्यांनी पुस्तक पाहिलं, मला पाहिलं, परत पुस्तक पाहिलं आणि किंचाळल्या, "अय्या, तुम्ही?" मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तोवर त्यांच्या डोळ्यांत पाणी. शेवटचं प्रकरण वाचून त्यांनी नवऱ्याशी धरलेला अबोला सोडला म्हणे. अशा बाईला काय सांगायचं, की चित्रकाराचा गोंधळ झालाय? त्यांनी पुस्तक पुढे केलं आणि मी कानामागचं पेन काढून सही केली. नुसतं आडनाव लिहिलं, म्हणजे तसं खोटं काही नाही.

मजा आली पण. दुसरी आवृत्ती लवकर काढ आणि आपला चेहरा लाव, नाहीतर मला सवय लागेल.

आत्या


२ एप्रिल

आत्या,

दुसरी आवृत्ती निघाली. तिच्यावरही तूच आहेस.

ऐक, माझी काही चूक नाही. म्हणजे आहे, पण थोडी. फोटोचं ईमेलने सांगितलं असतं तर गैरसमज वाढला असता, म्हणून मी मन घट्ट करून स्वतः प्रकाशकांच्या ऑफिसात गेलो. कामावरून परस्पर गेलो, त्यामुळे अंगात कंपनीचा शर्ट, हातात अवजारांची पेटी. चौथ्या मजल्यावर पोचलो. टेबलापाशी बसलेल्या बाई मला बघून उठूनच उभ्या राहिल्या. "आलात एकदाचे! सकाळपासून दोनदा अडकली." मी म्हणालो, "मी, ते, पुस्तक..." त्या म्हणाल्या, "पुस्तक काय, रजिस्टर? नंतर सही करते, आधी लिफ्ट बघा."

मग काय, बघितली. दाराच्या स्विचचा संपर्क सैल झाला होता. तो घट्ट केला. प्रकाशक स्वतः बाहेर आले, मोठ्या आवाजाचे आणि मोकळ्या मनाचे गृहस्थ आहेत, त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारून चहा दिला. चहा पिताना ते कुणाला तरी फोनवर सांगत होते, "बाईंनी काय लिहिलंय! पुरुषाच्या मनातलं बाईलाच कळतं." मी चहा संपवला आणि घरी आलो.

हस, पोटभर हस. आईही हसली. मला मात्र रात्री जेवण गेलं नाही.

आता पुढचं. फोटोत मागे तुझ्या लाँड्रीची पाटी दिसते. प्रकाशकांनी त्यावरून तुझा पत्ता काढलाय आणि ते तुला फोन करणार आहेत. तुमच्या गावातल्या वाचनालयात छोटासा कार्यक्रम आहे, लेखिका वाचकांशी बोलणार. आत्या, तू जाशील? एवढा एकच. शाळेत बक्षीस घ्यायला मला स्टेजवर बोलावलं होतं तेव्हा काय झालं होतं ते तुला आठवतंय. सगळा डबा मुख्याध्यापकांच्या बुटांवर. तू एवढं निभावून ने, मी दुसरं पुस्तक लिहून होईतो सगळं खरं खरं सांगायचं बळ गोळा करतो.

तुझा भाचा


२१ एप्रिल

मौनीबाबा,

निभावलं. तुला यायला हवं होतं, मागे बसून ऐकायला तरी.

खुर्च्या कमी पडल्या, लोक कपाटांना टेकून उभे होते. बोलायला उभी राहिले आणि आधी दोनदा चष्मा पुसला. मग मनात म्हटलं, काउंटर समजू या. गिऱ्हाइकांशी आयुष्यभर बोलते आहे, ही तर नुसती जास्त गिऱ्हाइकं. मग अशी सुटले की ग्रंथपालांनी घड्याळाकडे बोट दाखवलं तेव्हा थांबले. तुझ्या पुस्तकाबद्दल विचारलं की मी म्हणायचे, "तुम्हाला काय वाटतं?" ते खूश होऊन पाच मिनिटं बोलायचे. हे मोठे लेखकही असंच करत असतील.

एका मुलीने विचारलं, "तुम्ही स्वतः कधी प्रेम केलंत का?" आता लेखिका म्हटल्यावर काहीतरी सांगायला हवं. मग ठोकून दिलं काहीतरी. एक माणूस होता, दर आठवड्याला एकच राखाडी कोट घेऊन लाँड्रीत यायचा. कोट स्वच्छ असायचा. तरी आणायचा. काउंटरपाशी उभा राहून हवापाण्याच्या गप्पा मारायचा, न्यायला यायचा, परत आणायचा. काउंटरमागच्या मुलीला कळत होतं आणि त्यालाही कळत होतं, की तिला कळतंय. एकदा कोट ठेवला आणि म्हणाला, "शनिवारी येतो." आणि आला नाही.

हॉलमध्ये मागून कुणीतरी म्हणालं, "मग?" मी म्हटलं, मग वाचनालय बंद व्हायची वेळ झाली, घरी जा.

कुठून सुचलं देव जाणे. जीभ एकदा सुटली की सुटली. तू दुसऱ्या पुस्तकाचं बघ.

आत्या


१० सप्टेंबर

आत्या,

किती दिवस पत्र लिहिलं नाही! कारण एकच, लिहीत होतो. दुसरी कादंबरी झाली, छापूनही आली. पहिली प्रत या पत्राबरोबर पाठवतो आहे.

आणि ती तुझ्यामुळे झाली. तुझी ती राखाडी कोटाची थाप! काय लोणकढी थाप आहे ग! मी इकडे मशीनरूममध्ये डोकं आपटून घेतो तेव्हा एखादा प्रसंग सुचतो, आणि तू उभ्या उभ्या शंभर माणसांसमोर तो रचतेस. मी ठरवलं, हा वाया जाऊ द्यायचा नाही. सगळी कादंबरीच त्या कोटाभोवती उभी केली. फक्त तुझ्या गोष्टीला शेवट नव्हता, तो मी दिला. सतराव्या प्रकरणात नायिका कोटाचं अस्तर उसवते, आत त्याच्या बायकोमुलांचा फोटो सापडतो, आणि कळतं की तो पक्का भामटा होता. मग ती लाँड्रीच्या मागच्या बोळात तो कोट जाळते. संपादकबाईंनी लिहून कळवलं की त्या ऑफिसात रडल्या.

प्रकाशक तर हवेतच आहेत. या वेळी मोठा कार्यक्रम, मोठं सभागृह, वर्तमानपत्रवाले. शिवाय पुढच्या तीन पुस्तकांचा करार पाठवलाय. त्यात एक कलम आहे, मागच्या कव्हरवर आणि सगळ्या कार्यक्रमांत लेखिका असल्या पाहिजेत. म्हणजे तू.

सही अजून केली नाही. करार टेबलावर पडलाय. परवा एका इमारतीत लिफ्ट तपासत होतो, आत एक जोडपं होतं, तिच्या हातात माझं पुस्तक. ती त्याला म्हणाली, "या बाईंसारखं तुला एकदा तरी बोलता आलं असतं तर!" मी कोपऱ्यात उभा होतो, हातात पाना. आत्या, मला तुझा हेवा वाटला. लाज वाटते सांगायला, पण वाटला. मला तिथे म्हणायचं होतं, बाई नाही हो, मी. तोंडातून शब्द निघाला नाही. आणि ही सही केली की तो कधीच निघणार नाही, एवढं मला कळतं.

पण समारंभ तोंडावर आलाय, आता मागे फिरता येत नाही. एवढा एक पार पाड. बाकी काही नको, प्रकाशक म्हणतात, फक्त सतरावं प्रकरण मोठ्याने वाचायचं. मी तिसऱ्या रांगेत बसेन.

तुझा भाचा


२८ सप्टेंबर

पुस्तक मिळालं. एका बैठकीत वाचलं. सतरावं प्रकरण दोनदा.

कार्यक्रमाला येते. घ्यायला येऊ नकोस, माझी मी पोचेन.

लोकरीचा कोट पेटवला तर केस जळल्यासारखा वास येतो, आणि तो धड जळतही नाही, नुसता धुमसतो. तुला माहीत नसणार.

इथे कामाचा ढीग पडलाय.

आत्या


४ ऑक्टोबर

आत्या,

एवढंसं पत्र! मी पाकीट उलटं करून झटकलं, आणखी एखादं पान अडकलंय का बघायला. कळलं मला. मोठ्या सभागृहाची धास्ती घेतली आहेस ना? तू आणि धास्ती! अगं, वाचनालयात तू कपाटांना टेकलेल्यांना सुद्धा जागचं हलू दिलं नाहीस. इथे तर सगळ्यांना बसायला खुर्च्या आहेत.

की फोटोवर रुसलीस? या वेळीही तोच लावलाय, केस तसेच. पुढच्या वेळी केस विंचरून नवा काढू, शब्द देतो.

वासाचं बरं झालं सांगितलंस. पुढच्या छपाईत तेवढी ओळ बदलतो. धुमसणारा कोट तर फारच छान, तिच्या मनासारखाच! तुझ्या डोक्यात अशा गोष्टी कुठून येतात?

येताना गरम काहीतरी घेऊन ये, सभागृहात गारठा असतो. आई तुझी वाट बघते आहे.

तुझा भाचा


२० ऑक्टोबर

मौनीबाबा,

तू मागच्या दाराने निसटलास आणि तुझी आई म्हणते, तेव्हापासून खोलीत बसून आहेस. म्हणून परवा काय काय घडलं ते मीच लिहून पाठवते. अर्ध्यापासून पुढचं तुला आठवत असेल असं मला वाटत नाही.

मी सतरावं प्रकरण वाचायला घेतलं. पहिलं पान बरं गेलं. दुकानाचं वर्णन तू अगदी हुबेहूब केलंयस, गरम इस्त्रीचा वास, हँगरांचा आवाज, सगळं. मग ती ओळ आली, तो पक्का भामटा होता. ती वाचायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. लोकांना वाटलं लेखिका गहिवरली, काहींनी टाळ्याही वाजवल्या.

मला राग आला होता रे. तुझ्यावर, आणि माझ्यावरही. तो भामटा नव्हता. त्या कोटाच्या अस्तरात काही नव्हतं, मी दर आठवड्याला तो कोट उलटा करून झाडत होते, मला माहीत नसेल? तुला मी थाप म्हणून सांगितलं आणि तू थाप म्हणून घेतलंस, यात तुझं चुकलं तरी काय, असं गाडीत स्वतःला समजावत आले होते. पण भरल्या सभागृहात त्याला भामटा म्हणायचं माझ्याच्याने झालं नाही.

मग पुस्तक मिटलं आणि म्हटलं, "हे मी लिहिलेलं नाही. यातला कोट तेवढा माझा. ज्याने लिहिलंय, तो माझा भाचा तिसऱ्या रांगेत बसलाय. कान लाल झालेत, तोच."

सगळं सभागृह तुझ्याकडे वळलं. प्रकाशकांच्या हातून पाण्याचा ग्लास सुटला. तुला बघून ते ओरडले, "अहो, हे तर आमचे लिफ्टवाले!" त्यावर जो हशा झाला, त्यात मला वाटलं, आता हा उठून पळणार. तू उठलास, पण स्टेजकडे आलास. मी प्रकाशकांना खूण केली, बूट जरा मागे घ्या म्हणून.

तेवढ्यात मागून एका मुलीने विचारलं, "मग तो माणूस परत आला का?" माईक तुझ्यापुढे होता. तू म्हणालास, "मला माहीत नाही." लोक हसले. तू माईक हाताने धरलास आणि म्हणालास, "खरंच माहीत नाही. मी आत्याला विचारलंच नाही. ती सांगत होती, मला गोष्ट मिळाली म्हणून मी खूश झालो. शेवट मनाने लावला. विचारायला हवं होतं."

मग कुणी हसलं नाही. आणि तू पळालास.

लोकांनी मग मला घेरलं, तुम्हीच सांगा म्हणून. मी म्हटलं, त्याने विचारलं तर त्याला सांगेन.

तू बोललास रे. मला तुझा अभिमान वाटला, आणि राग निम्मा उतरला. उरलेला निम्मा तुझ्या हातात आहे. खोलीतून बाहेर ये आणि आईने केलेलं जेव.

आत्या


२९ ऑक्टोबर

आत्या,

चुकलो. हे मी आईसमोर दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं, मग लिहायला बसलो. तुझं ते छोटं पत्र मी दहा वेळा वाचलं होतं आणि मला त्यात केस दिसले, सभागृह दिसलं, तू दिसली नाहीस. प्रेमाच्या गोष्टी लिहिणारा माणूस मी! मान खाली गेली आहे.

बाहेर आलोय आणि जेवतोय. कंपनीत आता सगळे मला नायकाच्या नावाने हाक मारतात. साहेबांनी पुस्तक मागून नेलं, परत दिलेलं नाही.

प्रकाशकांचा फोन आला. आधी अर्धा तास रागावले. फसवणूक, नाचक्की, चारचौघांत शोभा, सगळं झालं. मग श्वास घेतला आणि म्हणाले की दुकानांतल्या प्रती संपल्या आहेत, लोक सारखे विचारताहेत, तो माणूस आला का? नवी आवृत्ती ताबडतोब काढायची आहे. मागे माझा फोटो, तो ओळखपत्रावरचा चालेल म्हणाले, आता लोकांना तसाच चेहरा हवाय. जुना बिनसहीचा करार त्यांनीच मागे घेतला. नवा माझ्या नावावर, माझ्या चेहऱ्यासकट.

पण अट घातली, सतरावं प्रकरण बदलायचं आणि त्यात दोघांचं लग्न लावायचं. म्हणाले, "वाचकांना दोनच शेवट चालतात. एक तर तो येतो, नाहीतर तो नालायक निघतो. नालायक तुमच्या आत्याला चालत नाही, मग आणा त्याला." मी म्हणालो, "आत्या सांगेल तो शेवट. तिने नाही सांगितला तर ती पानं कोरी सोडा." ते म्हणाले, मग करारही कोरा राहील. मी म्हणालो, राहू दे. फोनवर, तोंडाने, आणि एकदाही हं न म्हणता! आई दारात उभी राहून ऐकत होती, तिला आधी वाटलं रेडिओ लागलाय.

त्यांनी विचार करून कळवतो म्हटलंय. पहिल्यांदाच माझ्या नावाखाली माझा चेहरा येतोय आणि तोही कदाचित येणार नाही. आला नाही तर वाईट वाटेल, फार वाटेल. पण पुन्हा मनाने शेवट लावणार नाही.

म्हणून विचारतो. पुस्तकासाठी नको असेल तर नुसतं मला सांग, मी कुठेही लिहिणार नाही. आत्या, त्या शनिवारी काय झालं?

तुझा भाचा


६ नोव्हेंबर

माझ्या लेखका,

उरलेला निम्मा राग उतरला. आता ऐक. बदल न करता लिहायचं असेल तर लिही, माझी हरकत नाही.

त्या शनिवारी मी कोटाला स्वतः इस्त्री केली. इस्त्रीवाल्याला हात लावू दिला नाही. कॉलर दोनदा बसवली. संध्याकाळी दुकान बंद करायची वेळ झाली तरी दार अर्धं उघडं ठेवलं. तो आला नाही. पुढच्या शनिवारी नाही, त्याच्या पुढच्याही नाही. त्याचं ऑफिस पलीकडच्या रस्त्यावर होतं, एक दिवस धीर करून गेले. तिथले लोक म्हणाले, नोकरी सोडून गेले, कुठे ते ठाऊक नाही. आजारी पडला, घरून बोलावणं आलं, भ्यायला, की मीच जास्त समजले होते, मला कधीही कळलं नाही. आजही माहीत नाही. तेव्हा कारण लिहू नकोस, माझ्याकडेच नाही तर तुझ्याकडे कुठून येणार?

पहिलं वर्ष वाईट गेलं. तेही लिही, लपवू नकोस. दाराची घंटा वाजली की मान वर व्हायची. तुझा बाप तेव्हा रोज दुकानात येऊन बसायचा, काही बोलायचा नाही, नुसता हँगर मोजल्यासारखं करायचा. तू मुका कुणावर गेलास ते आता कळलं ना?

मग एकदा एका गिऱ्हाइकाच्या कोटाचं बटण धुण्यात हरवलं. अगदी तसलंच राखाडी बटण हवं होतं. मी समोर टांगलेल्या त्या कोटाचं एक काढलं आणि लावून दिलं. गिऱ्हाईक खूश. मग दुसऱ्या कुणाला एक लागलं. असं करत करत त्याची सगळी बटणं गावभर फिरायला लागली. शेवटी बिनबटणांचा कोट कोण ठेवतो? लोकर चांगली होती, कापून इस्त्रीच्या टेबलाला गादी केली. जाळायला काय मी श्रीमंत होते?

आणि मग काय झालं म्हणशील, तर दुकान झालं. दुसरं मशीन घेतलं. मैत्रिणींबरोबर पोहायला शिकले, पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या बाईलाच घेऊन बुडाले. समुद्र बघून आले, डोंगर चढून आले. तुला याच काउंटरवर बसवलं, तू चिठ्ठ्या चावून खाल्ल्यास. दोन स्थळंही आली होती. एकाच्या शर्टाच्या कॉलरीबद्दल मी त्याला खरं ते सांगितलं आणि दुसरा फार बोलायचा. तुझी आजी विचारायची, अजून वाट बघतेस का? मी नाही म्हणायचे. आधी ते खोटं होतं. मग केव्हातरी ते खरं झालं, आणि झालं तेव्हा मला कळलंही नाही, इतकी मी कशात तरी गुंतले होते.

स्टेजवर मला मजा आली, खोटं कशाला बोलू? लोक ऐकत होते, मी बोलत होते. ते आता जाईल याचं थोडं वाईट वाटतं. पण वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंनी मला नुसती मी म्हणून बोलवलंय, दर महिन्याला. डाग कसे काढायचे, या विषयावर सुरुवात करणार आहे, मग बघू कुठवर जाते ते.

प्रकाशकांना सांग, तिसरा शेवटही असतो. नाही म्हणाले तर त्यांच्या लिफ्टने चौथ्या मजल्यावर मीच येते बोलायला. फोटो तुझा लागलाच पाहिजे, तो चोरासारखा असला तरी.

आणि शेवटचं वाक्य मी देते, ते जसंच्या तसं छाप. तो आला नाही आणि ती मजेत जगली. त्यात 'तरीही' घालायचा तुला मोह होईल, मी ओळखते तुला. घालू नकोस.

आत्या